कढीपत्त्यावरचा कोष

पुंडलिकनगरातल्या गॅलरीत, कुंडीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराची अंडी फुटून हिरव्या अळ्या निघाल्या, तेव्हापासून भामाबाईंनी फोडणीत कढीपत्ता टाकणंच सोडलं. "लेकुरवाळं झाड हाय. डहाळीला हात लावायचा नाय," असं त्यांनी सुनेला, संध्याला, बजावलं.

संध्याला सहावा महिना लागला तरी पोटातलं बाळ हललेलं तिला जाणवलं नव्हतं. ठोके नीट आहेत, वाट पाहा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग ती दुपारभर एका अळीकडं बघत बसायची. पानं खाऊन अळी लठ्ठ झाली, तिनं धाग्यानं स्वतःला डहाळीला बांधून घेतलं आणि तिचा कोष झाला.

एका दुपारी वारा नसताना कोष झटक्यानं हलला. त्याच्या मागोमाग संध्याच्या पोटात पहिली ढुशी बसली.

"आत्याबाई, हललं!"

मग रोज तसंच होऊ लागलं. आधी कोष हलायचा, मग बाळ. पहिल्यांदा भामाबाई हसल्या. पुढं त्या कोषाकडं बघेनाशा झाल्या.

आणि एका सकाळी कोष फुटला. पिवळं-काळं फुलपाखरू पंख वाळवून समोरच्या गच्चीवरून निघून गेलं. दिवसभर पोट गप्प राहिलं.

"लई जीव लावलास तू त्याला," भामाबाई पुटपुटल्या आणि रिकामं टरफल काढायला पुढं झाल्या.

संध्यानं त्यांचं मनगट धरलं. पोटात ढुशी बसली होती, चांगली जोरात. या खेपेला आधी बाळ हललं होतं.

दोघींनी डहाळीकडं पाहिलं. आरपार उजेड दिसणारं ते टरफल झटक्यानं हललं.