अन्नाची शपथ

मुलुखियाच्या पातळ भाजीवर लसणाची फोडणी ओतली, की उम्म हातेम, म्हणजे हातेमची आई, कुटलेली गोळी हळूच मुलाच्या वाडग्यात कालवायची. हातेम गोळ्या थुंकून टाकायचा आणि मग घर डोक्यावर घ्यायचा; दुसरं काय करणार ती माउली? त्यात त्याचं एकच पालुपद: "तू माझ्या जेवणात काहीतरी घालतेस. जीवावर उठलीयेस माझ्या!"

"काय ही जीभ!" म्हणत ती भाकरी उचलून कपाळाला लावायची. "या अन्नाची शपथ, काही घातलेलं नाही मी."

गेल्या महिन्यात मनाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि जणू जादूच झाली. हातेमचा संशय मावळला. तो पोटभर जेवू लागला, जेवताना आईची थट्टाही करू लागला. मग अचानक ताप चढला, छातीत दुखायला लागलं, धाप लागली.

अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, बहुतेक कुठल्यातरी औषधाने. हाज्जा, हा कसली गोळी घेतो? ती आत्ताच बंद करायला हवी, नाहीतर पोरगा हातचा जाईल."

उम्म हातेमने बोलायला तोंड उघडलं.



तेवढ्यात हातेमने तिचा हात घट्ट धरला. "मी कुठलीच गोळी घेत नाही, डॉक्टर. आई जेवणात काही घालते असं मला वाटायचं, पण तो माझा वेडेपणा होता. विचारा तिला, अन्नाची शपथ घेतलीय तिने."