चांदीच्या पेटीतलं काळीज

"बाईसाहेब, उद्या ती पेटी उघडायच्या आत माझं ऐकून घ्या," म्हणत म्हातारा फाइट गुडघ्यांवर बसला. गुडघे कडकड वाजले.

विधवा डचेस हेडविग खिडकीपाशी सफरचंद सोलत होत्या. "बोल की. दाढी करता करता गावच्या भानगडी सांगणारा तू, आज जीभ कुठे ठेवून आलास?"

फाइट दरबारचा न्हावी. दाढी करणं, हाडं बसवणं आणि मालक गेले की देहात मसाले भरणं, सगळं त्याच्याच हातचं. बारा वर्षांपूर्वी ड्यूक एबरविन गेले, तेव्हा मृत्युपत्रात लिहिलं होतं: देह घराण्याच्या तळघरात, काळीज मात्र रानातल्या शिकारमहालाच्या प्रार्थनाघरात. त्या महालात रोझिना राहायची. ती ड्यूकसाहेबांची कोण, हे सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

"काळीज काढून ताटात ठेवलं अन् दारूचा अर्क आणायला खाली गेलो," फाइट म्हणाला. "दाराची कडी लावायची राहिली असणार. वर येतो तर ताट लख्ख, अन् ग्राइफ मिशा चाटतोय."

"माझा कुत्रा?"

"तुमचाच. एरवी तुमचे पाय सोडून कुठे जायचा नाही. मग मी मुदपाकखान्यातून डुकराचं काळीज आणलं. पेटीत तेच आहे."

हेडविगबाई सोलतच राहिल्या. साल तुटलं नाही.

"रोझिनाबाई बारा वर्षं त्या डुकरापुढे मेणबत्त्या लावून रडतायत. दर हिवाळ्यात मला लोकरीचे मोजे विणून धाडतात. एकदा पायात घालवले नाहीत मला. उद्या तुमच्या लेकाचे नवे डॉक्टर ते काळीज सोन्याच्या पेटीत हलवणार. ते ओळखतील. माझी मान गेली तर जाऊ दे, पण त्या बाईला कुठलं तोंड दाखवू?"

"उद्या मला ताप येईल," हेडविगबाई म्हणाल्या. "डॉक्टर दिवसभर माझ्या उशाशी बसेल. पेटी तूच हलव."

फाइटच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं पाप केलेल्याला एवढी माया, बाईसाहेब?"

त्यांनी एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

"मोजे घालत जा. कडी तू लावली होतीस, फाइट. काढली मी."