सांडपाण्यावरचा मोगरा

"एक गजरा मिळेल का?" देवळातल्या गुरवमामांनी मळ्याच्या कुंपणाबाहेरूनच मळेवालीला विचारलं. सकाळीच त्यांची बायको गेली होती. शेजारणींनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, पण सवाशिणीला फुलांवाचून कसं न्यायचं? मे महिन्यात गावातल्या विहिरी आटलेल्या. मोगरा फुलला होता तो फक्त इथं, नगरपंचायतीच्या केंद्रात शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर.

याच मळेवालीची फुलं त्यांनी देवळाच्या पायरीवरून परत पाठवली होती. "गटाराच्या पाण्यावरची फुलं देवाला चालत नाहीत." तेव्हा बायको हळूच म्हणाली होती, "मग मी माळू?" तिलाही त्यांनी दटावलं होतं.

मळेवालीनं कळ्या तोडल्या, गजरा ओवला. देताना म्हणाली, "मामी रोज यायच्या. इथनं गजरा माळून निघायच्या आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काढून गाईला घालायच्या."

मामा कुंपण धरून तसेच उभे राहिले.

घरी शेजारणीनं गजऱ्यावर शिंपडायला गंगाजळ पुढं केलं. मामांनी ते बाजूला सारलं. बायकोच्या केसांत गजरा माळायला ते स्वतःच बसले. त्यांना आकडा लावता येईना.