खांद्यावरची पट्टी

"मॅडम, केस तेवढे बांधून द्याल? हात वर जात नाही," ऋता म्हणाली.

तिच्या प्रशिक्षक किणीकर मॅडमनी तिच्या हातातलं रबर घेतलं. रेंजवरची प्रत्येक रायफल आपल्या नेमबाजाच्या खांद्यावरच्या पट्टीला जोडलेली होती. सांधा शिणला की पट्टी बोलायची आणि रायफलीचा चाप अडकायचा. ऋताची पट्टी रोज साठाव्या गोळीनंतर तिला थांबवायची. निवड चाचणी तोंडावर आली, तेव्हा मॅडमनीच तोड काढली. ऋताची पट्टी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली आणि सराव संपेपर्यंत स्वस्थ खुर्चीत बसून राहिल्या. महिनाभर ऋता रोज दोनशे गोळ्या झाडत होती. दुखतंय म्हणाली, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "नाटकं पुरेत."

"तुमचा काही दोष नाही मॅडम. मीही हो म्हणालेच ना."

पट्टी अजून मॅडमच्याच खांद्यावर होती. काढायचा धीर झाला नव्हता. ऋताचे केस गोळा करायला त्यांनी हात उचलले, तशी पट्टी गोड आवाजात बोलली, "ऋता, तुझा खांदा अगदी ठणठणीत आहे. सराव चालू ठेव."