रबराला खोबरेल

मल्लेश्वरमच्या सोयराबाईंनी शिवाप्पा मेकॅनिकला घरी बोलावलं, कारण मुलाच्या मोटारीचं दुमडतं छत गळायला लागलं होतं. मुलगा मालोजी लष्करात. बासष्टच्या दसऱ्याला नेफाच्या आघाडीवर गेला. त्या दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं नाही, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं.

शिवाप्पानं छताच्या कडेच्या रबरी पट्टीवर बोट फिरवलं. पट्टी पाघळलेल्या गुळासारखी बोटाला चिकटून आली.

"अय्यो अक्का, काय लावता हिला?"

"घरचं खोबरेल. दर शनिवारी, न चुकता. तान्हेपणी त्याची टाळू भरायचे ना, तसं."

"रबर काय बाळाची टाळू आहे? तेलानं सडतं ते! ग्लिसरीन लावायचं असतं. मालोजीअण्णांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," सोयराबाई पुटपुटल्या. "बाटलीही देऊन गेला."

त्यांनी आतून बाटली आणली. तळाशी दोन बोटं ग्लिसरीन शिल्लक होतं.

"बघा, औषध घरात आणि रोगी दारात!" शिवाप्पानं हसत बूच काढलं आणि फडक्यावर बाटली तिरपी केली.

सोयराबाईंनी झटकन त्याचं मनगट धरलं.

"ते नको रे, शिवाप्पा. ही बाटली संपायच्या आत परत येतो, असं सांगून गेलाय तो."