वाळू भरली

"काका, ही सही तुमचीच ना?"

इंजिनिअर बाईंनी टेबलावर पसरलेल्या कोळसा खाणीच्या जुन्या नकाशावर बोट ठेवलं. खाणीच्या म्हाताऱ्या मोजणीदाराला वाकून बघायची गरज नव्हती. सही त्याचीच होती. गावातल्या चौकाखाली येणाऱ्या भागावर त्याच्याच टापटीप अक्षरांत दोन शब्द होते, 'वाळू भरली'. आणि शेजारी तारीख, बत्तीस वर्षांपूर्वीची. खाण बंद झाली त्या आठवड्यातली.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "वाळू भरली नाही."

बाईंनी उठून दार लोटलं. बाहेर नगरपालिकेच्या पॅसेजमध्ये ऐंशी दुकानदार सकाळपासून ताटकळत बसले होते. चौकातली त्यांची दुमजली इमारत पाडून सहा महिने झाले होते. तिथं सात मजली बाजार उभा राहणार होता आणि त्यातल्या गाळ्यांची आज सोडत होती.

"आता नीट सांगा."

"कोळसा काढताना छताला टेकू म्हणून कोळशाचेच खांब सोडतात, बाई. शेवटच्या वर्षी हुकूम आला, चौकाखालचे खांबही काढून घ्या आणि त्या पोकळीत वाळू भरा. खांब काढले. वाळू आलीच नाही."

"मग तुम्ही सही का केलीत?"

"मॅनेजर म्हणाले, नकाशा पुरा झाल्याशिवाय फाइल सरकणार नाही आणि फाइल सरकल्याशिवाय कुणाच्या हातावर काही पडणार नाही. चारशे घरांत तीन महिने पगार नव्हता. माझ्याही." त्यानं नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. "केली सही. मनाशी म्हटलं, वर दोनच मजले आहेत, धरेल तग. धरलाही."

"आम्ही चार ठिकाणी बोअर घेतले. खडक लागला."

"चारही कडेला घेतलेत. पोकळी मधोमध आहे."

बाई नकाशाकडे बघत राहिल्या. त्या या गावच्या नव्हत्या. दोन वर्षं झाली होती येऊन, आणि हा बाजार त्यांचं इथलं पहिलं मोठं काम.

"काका, हे खरं असेल तर नुसता बाजार अडकणार नाही. दवाखाना, शाळेची गल्ली, बसथांबा, सगळं चौकाला लागूनच आहे. सगळं धोक्याचं म्हणून जाहीर करावं लागेल. माणसं उठवावी लागतील. कुठं न्यायची, ते मला ठाऊक नाही. साहेबांनाही नसेल." त्यांनी आवाज खाली आणला. "लेखी दिलंत तर मला आजच्या आज काम थांबवावं लागेल. नाही दिलंत, तर तुम्ही आज इथं आलाच नव्हतात."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. पेन मात्र सरकवलं नाही.

मोजणीदारानं स्वतःच्या खिशातलं काढलं. चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. अक्षर तसंच टापटीप आलं. बाईंनी दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि कागद नि नकाशा घेऊन वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेल्या.

तो बाहेर आला. भिंतीकडेच्या बाकावर त्याचा जुना दोस्त शिंपी बसला होता. दोघं एकाच वर्षी खाणीला लागले होते. हा वर नकाशे काढायचा, तो खाली कोळसा. खाण मिटल्यावर शिंप्यानं शिलाईचं मशीन घेऊन चौकात दुकान टाकलं. इमारत पाडल्यापासून बसथांब्याशेजारी ताडपत्रीखाली बसून तो फाटकं-तुटकं शिवत होता.

"ये, बस," शिंपी सरकत म्हणाला. "देवाला म्हटलंय, तळमजला दे. सातवा मिळाला तर गिऱ्हाईक माप द्यायला चढेपर्यंतच दोन इंच बारीक व्हायचं."

मोजणीदार हसला नाही. त्यानं मान खाली घालून, हळू आवाजात सगळं सांगितलं. नकाशा, सही, वाळू, आत्ता दिलेला कागद. बायको गेली, तिलाही त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

शिंप्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. मग म्हणाला, "ते खांब कुणी काढले?"

"म्हणजे?"

"या हातांनी काढले. वाळूचा एक डबा खाली उतरला नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटलं तुला?" त्यानं हनुवटीनं समोरच्या बाकांकडे खूण केली. "त्या चपलावाल्याला ठाऊक आहे. त्या चष्मेवाल्याला. भांडीवाल्याचा बाप तर माझ्या जोडीला होता. अर्ध्या पॅसेजला ठाऊक आहे."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"बोलून जायचं कुठं?"

समोर चपलावाला डबा उघडून शेजाऱ्याला घास देत होता. कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"सात मजले चढवतायत रे," मोजणीदार कसाबसा म्हणाला. "पोरंबाळं असतील आत."

"असतील," शिंपी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते की काय, ते कळलं नाही. त्यानं तोंड फिरवलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून शिपाई धावत खाली आला. "सोडत रद्द! पुढची सूचना येईपर्यंत रद्द! बसू नका कुणी, चला!"

ऐंशी माणसं एकदम उभी राहिली. का रद्द, कुणी केली, सकाळपासून बसवलं कशाला, एकच गलका उडाला. "लेखी तक्रार आलीय म्हणे," शिपाई ओरडला. "कुणाची? नाव सांग!" चपलावाल्यानं त्याची कॉलर धरली.

शिंपी उठला आणि मोजणीदाराच्या पुढ्यात, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. मागं वळून न बघता हळूच म्हणाला, "मागच्या जिन्यानं जा. आणि घरी गेलास की दार आतून लावून घे."