पापणीवरचं बोट

आत कुंदाच्या हातून वाटी पडली. फरशीवर गरगर फिरली आणि गप्प झाली. तिच्यामागोमाग बाळ उठलं.

दवाखान्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एक पडदा तेवढा होता. पडद्याच्या अलीकडे सुहासिनी रुपीबाईच्या उशाशी उभी होती. एका हातात इथरची बाटली, दुसऱ्या हाताखाली नाकातोंडावरची जाळी. रुपीबाईला तांड्यावरून गाडीत घालून आणलेलं. मांडीत लिंबाएवढं गळू. दिग्रसच्या त्या दोन खोल्यांत भूल द्यायला डॉक्टरांच्या बायकोशिवाय होतं कोण?

नवऱ्यानं तिला सगळं नीट शिकवलं होतं. पापणीला बोट लावायचं. हलली तर थांबायचं. नाडी धावत असली, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबायचं. श्वास संथ लागला की मगच मला सांगायचं.

"झाली का गाढ?" सुरी उचलून त्यानं विचारलं.

सुहासिनीनं पापणीला बोट लावलं. पापणी हलली. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब कानाकडे निघाला. अजून दोन-तीन मिनिटं तरी लागणार होती. आत रडून रडून बाळाचा आवाज बसत चालला होता, आणि तिचं पोलकं दुधानं ओलं होत होतं.

तिनं तो थेंब कापसानं टिपला.

"झाली," ती म्हणाली.

सुरी लागली तशा रुपीबाईच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्या टेबलाच्या कडेवर एकदाच वाजल्या.

"काय वाजलं?"

"कुंदानं परत वाटी पाडली असेल." आणि घाईघाईनं तिनं जाळीवर आणखी थेंब सोडले.

सकाळी ती पट्टी बदलायला ओसरीवर आली. कडेवर बाळ, पदराला पाच वर्षांची कुंदा. रुपीबाई खाटेवर उठून बसली होती.

"आना इकडं त्याले, डॉक्टरीणबाई," तिनं हात पसरले. "काल लय रडून राह्यलं होतं. मले वाटे उठावं अन् घ्यावं, पन हातच उचले ना."

सुहासिनीनं हातातली पट्टी उलगडली. दुखलं का, एवढं विचारायचं होतं. तिनं पट्टी परत गुंडाळली.

"आंधी पाजून घ्याचं ना त्याले," रुपीबाई हसून म्हणाली. "मी काय, पडूनच तं होती."

तिनं बाळाला उचलून मांडीशेजारी घेतलं. हातभर बांगड्या खाटेच्या दांडीवर वाजल्या.

कुंदानं पदर सोडला. बांगड्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, मी वाटी एकदाच पाडली होती. दुसऱ्यांदा वाजलं ते हे का गं?"